सगळे महाराज ‘म’मध्ये: घरातली ई-पुस्तकं एकत्र करताना

आमच्या घरात ई-पुस्तकं चार ठिकाणी साठत होती: नवऱ्याच्या डेस्कटॉपवर, माझ्या लॅपटॉपवर, अण्णांच्या म्हणजे सासऱ्यांच्या जुन्या नेटबुकवर आणि मुलीच्या टॅबमध्ये. विकिस्रोतावरून उतरवलेली ईपब, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरच्या पीडीएफ, ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं, इंटरनेट आर्काइव्हवरचे जुन्या ग्रंथांचे स्कॅन आणि मुलीची इंग्रजी पुस्तकं. सगळं मिळून हजार-बाराशे असतील, पण त्यात तीच ती किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांना नवीन काही वाचायचं असलं की पेनड्राइव्ह निघायचा आणि त्या पुस्तकाची आणखी एक प्रत घरात वाढायची.

मला हवं होतं ते एवढंच: पुस्तक एकदाच ठेवायचं आणि घरातल्या कुठल्याही यंत्रावर ते उघडायचं. शिवाय कुठवर वाचून झालंय ते लक्षात राहावं. अण्णा दुपारी नेटबुकवर वाचतात आणि रात्री झोपण्याआधी टॅबवर. रात्री पान शोधण्यातच त्यांची झोप उडायची.

ई-पुस्तकं सांभाळणारं कॅलिबर हे सॉफ्टवेअर आमच्याकडे आधीपासून होतंच. कोविद गोयल यांनी २००६ साली सोनीच्या पीआरएस-५०० या वाचनयंत्रासाठी जे सॉफ्टवेअर लिहिलं, त्याचंच हे पुढचं रूप. तेव्हा नाव लिबपीआरएस५०० होतं, २००८मध्ये कॅलिबर झालं. मुक्त-स्रोत आहे, फुकट आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याची रचना समजून घेतल्यावरच माझे पुढचे निर्णय झाले, म्हणून थोडक्यात सांगते. एका फोल्डरमध्ये सगळं ग्रंथालय असतं. आत प्रत्येक लेखकाचा एक फोल्डर, त्याच्या आत प्रत्येक पुस्तकाचा एक, आणि त्यात पुस्तकाची फाइल, मुखपृष्ठाचं चित्र आणि माहितीची एक छोटी ओपीएफ फाइल. खरी नोंदवही मात्र सगळ्यात वरच्या पातळीवर असते, ‘मेटाडेटा डॉट डीबी’ नावाच्या एकाच फाइलमध्ये. लेखक, विषय, मालिका, शेरे, सगळं तिच्यात.

नवऱ्याचं म्हणणं असं, की राउटरला यूएसबीची खाच आहे, तिथं हार्डडिस्क लावू, फोल्डर नेटवर्कवर टाकू आणि चौघांच्या कॅलिबरला तोच दाखवू. वरवर पाहता हेच सगळ्यात सरळ. पण कॅलिबरच्या माहितीपुस्तिकेत याला स्पष्ट नकार आहे आणि कारणही पटण्यासारखं आहे. ती नोंदवही एसक्यूलाइटची, म्हणजे एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची फाइल आहे. तिच्यात लिहिताना प्रोग्रॅम फाइलला कुलूप घालतो, दुसऱ्यानं त्याच वेळी हात घालू नये म्हणून. नेटवर्कवरच्या डिस्कवर ही कुलपं नीट लागतील याची खात्री नसते. दोन कॅलिबरांनी एकाच वेळी लिहिलं तर नोंदवही बिघडते, आणि बिघडल्याचं लगेच कळतही नाही.

दुसरा मार्ग ढगातल्या फोल्डरचा. चारही यंत्रांवर फोल्डरची प्रत आणि बदल आपोआप इकडून तिकडे. इथंही अडचण त्याच फाइलची. मी लॅपटॉपवर लेखकाचं नाव सुधारलं आणि त्याच वेळी मुलीनं डेस्कटॉपवर पुस्तक टाकलं, तर समक्रमण करणाऱ्या प्रोग्रॅमला नोंदवहीच्या दोन आवृत्त्या दिसतात. त्या एकमेकींत मिसळणं त्याला जमत नाही. तो एक ठेवतो आणि दुसरी ‘संघर्ष’ असं नाव देऊन बाजूला टाकतो. म्हणजे कुणाचं तरी काम वाया. सिंकथिंग हे असं समक्रमण करणारं, मला आवडणारं साधन आहे, ते मी पुढं वापरलंही, पण या कामाला नाही.

राहिला तिसरा मार्ग, कॅलिबरच्या आतलाच: कंटेंट सर्व्हर. एका यंत्रावर ग्रंथालय, तिथलं कॅलिबर पुस्तकं वाटणार, बाकीचे ब्राउझर उघडून मागणार. नगरवाचनालयात कपाटांना वाचक हात लावत नाहीत, काउंटरवर चिठ्ठी देतात, तसं. २०१७मध्ये कॅलिबरची तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून पुस्तक ब्राउझरमध्येच वाचताही येतं, उतरवून घ्यावं लागत नाही.

या मार्गाचा एक फायदा अण्णांच्या नेटबुकनं शिकवला. ते बत्तीस-बिटचं यंत्र. जुलै २०२२मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून कॅलिबर बत्तीस-बिटवर चालत नाही, त्यामुळं नेटबुकवर कायम पाचवीच राहणार होती. आता त्यावर कॅलिबर लागतच नाही, ब्राउझर पुरतो. फारच मंद चालायला लागलं तर पत्त्याच्या शेवटी ‘/मोबाइल’ जोडायचं (अर्थात रोमन अक्षरांत). मग जुन्या वाचनयंत्रांसाठी ठेवलेलं साधं, चित्रविचित्र काही नसलेलं पान येतं. अण्णांना तेच जास्त आवडलं.

सर्व्हर म्हणून माझा आधीचा लॅपटॉप काढला. त्याच्या कीबोर्डची चार बटणं गेली आहेत, बाकी ठणठणीत. लिनक्स मिंट टाकलं. जुना लॅपटॉप या कामाला डेस्कटॉपपेक्षा बरा, कारण वीज कमी खातो आणि बॅटरी असल्यामुळं लाईट गेली तरी दचकत नाही. राउटर इन्व्हर्टरवर आहेच. फक्त झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, ते थांबवायला लागतं. लिनक्समधल्या ‘लॉगइंड’च्या मांडणी-फाइलमध्ये झाकणाच्या ओळीपुढं ‘इग्नोर’ लिहायचं आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. आता तो पुस्तकांच्या कपाटावर मिटलेल्या अवस्थेत पडलेला असतो. पाहुण्यांना वाटतं बंदच आहे.

जोडणीचं काम खरंच थोडं. कॅलिबरच्या पसंतींमध्ये ‘शेअरिंग ओव्हर द नेट’ आहे, तिथं सर्व्हर सुरू करायचा आणि कॅलिबर उघडलं की तो आपोआप सुरू व्हावा अशी खूण करायची. ८०८० हे दार (पोर्ट) ठरलेलं असतं, ते लिनक्सच्या फायरवॉलमध्ये उघडायचं. राउटरमध्ये जाऊन त्या लॅपटॉपसाठी आयपी पत्ता राखून ठेवायचा, नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पत्ता बदलतो आणि अण्णांची ब्राउझरमधली खूणपाटी (बुकमार्क) निकामी होते. मुलीच्या टॅबला काही केल्या सर्व्हर दिसेना. तिचा टॅब पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर होता, आणि पाहुण्यांचं जाळं मुद्दाम असं असतं की तिथून घरातली इतर यंत्रं दिसू नयेत. जाळं बदललं, काम झालं.

प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड द्यावा की नाही यावर घरात थोडी चर्चा झाली. ‘घरातल्या घरात कसला पासवर्ड?’ असं अण्णांचं म्हणणं. मी आग्रह धरला तो सुरक्षेसाठी नाही. नावानं आत गेलं तरच सर्व्हर प्रत्येकाचं शेवटचं पान वेगळं लक्षात ठेवतो. नेटबुकवर दुपारी सोडलेलं पान रात्री टॅबवर उघडतं ते यामुळंच. शिवाय नावं दिली की कुणाला नुसतं वाचता येईल आणि कुणाला नोंदी बदलता येतील हे ठरवता येतं, कुणाला कुठलं ग्रंथालय दिसेल हेही. बदलायचा अधिकार मी आणि नवरा, दोघांकडेच ठेवला. तो अण्णांना नको होता आणि मुलीला हवा होता. मुलीला दिला नाही.

आता मुख्य काम. वर लिहिलेलं सगळं एका रविवारात आटोपलं. पुस्तकं एकत्र करणं पावसाळाभर पुरलं.

एकेका यंत्रावरचं ग्रंथालय बाहेरच्या डिस्कवर घेऊन कॅलिबरच्या ‘कॉपी टू लायब्ररी’नं मोठ्या ग्रंथालयात ओतलं. जुळी पुस्तकं शोधायला ‘फाइंड डुप्लिकेट्स’ नावाचं जोड-साधन आहे. इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत ते झरझर चाललं. मराठीला येऊन अडलं, कारण आपल्याकडे एकाच लेखकाचं नाव किती तऱ्हांनी लिहिलं जातं याला सुमार नाही. आद्याक्षरांनंतर टिंब आणि मोकळी जागा, नुसतं टिंब, नुसती जागा, काहीच नाही. कुठं ‘डॉ.’, कुठं ‘प्रा.’, कुठं ‘प्रा. डॉ.’. कुठं रोमन लिपीत. कॅलिबरच्या दृष्टीनं एका टिंबाचा फरक म्हणजे वेगळा माणूस.

एक प्रकार तर मला आधी उमगलाच नाही. लेखकांच्या यादीत एक आडनाव लागोपाठ दोनदा, दिसायला अक्षर न् अक्षर सारखं. ते ‘ऱ्ह’चं आडनाव होतं. हे जोडाक्षर संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतं: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरानं, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, आत वेगळी असतात. ‘मॅनेज ऑथर्स’मध्ये जाऊन एक नाव दुसऱ्यावरून नक्कल करून चिकटवलं, की कॅलिबर दोघांना एक करतं. ऱ्हाडे, ऱ्हे, ऱ्याने संपणारे सगळे असे तपासून घ्यावे लागले.

मग एका संध्याकाळी अण्णांची हाक आली. ‘अगं, तुकाराम महाराज कुठं गेले? ‘त’मध्ये नाहीत.’

ते ‘म’मध्ये होते. ज्ञानेश्वर महाराजही ‘म’मध्ये. सगळे महाराज एका ओळीत बसले होते. कॅलिबर लेखकाच्या नावातला शेवटचा शब्द आडनाव धरतं आणि क्रम लावताना तो पुढं आणतं. ‘महाराज, तुकाराम’. त्याच न्यायानं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ ‘मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती’ झालं होतं. ‘म’च तो, पण भलत्या जागी.

यावर उपाय कॅलिबरच्या पसंतींमध्येच, ‘ट्वीक्स’ या भागात आहे. तिथं शब्दांची एक यादी असते. त्यातला शब्द नावात आला तर नाव उलटं करायचं नाही, आहे तसं ठेवायचं. यादीत मुळात कंपनी, सोसायटी, इन्स्टिट्यूट असे इंग्रजी शब्द. मी त्यात महाराज, मंडळ, प्रतिष्ठान, परिषद, समिती घातले. दुसऱ्या यादीत ‘मिस्टर’, ‘प्रोफेसर’सारखे नावाआधीचे मान असतात, तिथं डॉ. आणि प्रा. टाकले. मग ‘मॅनेज ऑथर्स’मधून सगळ्यांचे क्रम पुन्हा काढून घेतले आणि संत आपापल्या अक्षरावर गेले. मराठी ग्रंथालय करणाऱ्या प्रत्येकानं हे पुस्तकं भरायच्या आधी करून टाकावं असं माझं मत आहे.

तिथंच आणखी एक जागा आहे. फाइलमधून नावं उचलताना ‘अँड’ दिसला की कॅलिबर दोन लेखक धरतं. त्यात ‘आणि’ घालावा असा मोह झाला. पण मग साहित्य आणि संस्कृती मंडळाचे दोन तुकडे झाले असते. राहू दिला.

टोपणनावांवर अण्णांचा शब्द अंतिम ठरला. वि. वा. शिरवाडकरांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली आणि कविता कुसुमाग्रज या नावानं. दोन्ही एकत्र करायचे का? मला एकत्र हवे होते. अण्णा निवृत्त शिक्षक, ते म्हणाले, ‘मुखपृष्ठावर जे छापलंय तेच लिही. कविता वाचायची असली की मी कुसुमाग्रजांकडे जातो.’ तसंच ठेवलं. दोघांना जोडणारी खूण विषयांच्या रकान्यात घातली, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्ही सापडतात.

नवरा अजून अधूनमधून थेट फोल्डरमध्ये शिरून पुस्तक शोधू पाहतो. आमच्याकडच्या कॅलिबरनं फोल्डरची नावं रोमन अक्षरांत केली आहेत, तीही यांत्रिक पद्धतीनं, मधले ‘अ’ गाळून. देवनागरीत ऐटीत दिसणारी नावं तिथं नुसत्या व्यंजनांचा गठ्ठा होऊन बसतात. मी त्याला एवढंच सांगितलं, की आत जाऊन काही हलवू नकोस आणि नाव बदलू नकोस. नोंदवहीला ते कळत नाही आणि मग तिला पुस्तक सापडत नाही.

बाहेरच्यांचा प्रश्न लवकरच आला. बेंगळुरूची धाकटी बहीण म्हणाली, ‘ताई, मला पण लिंक दे की.’ तांत्रिकदृष्ट्या पहिली अडचण अशी, की आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळं राउटरमध्ये दार उघडलं तरी बाहेरून ते दिसत नाही. आपल्याच यंत्रांचं खासगी जाळं बांधणाऱ्या टेलस्केलसारख्या साधनानं यातून वाट निघते. मी स्वतः प्रवासात असताना तेच वापरते आणि सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवावा लागत नाही. पण बहिणीला ते दिलं नाही. घरातल्या माणसांनी वाचणं वेगळं आणि दुसऱ्या गावात वाटप करणं वेगळं. विकत घेतलेली पुस्तकं तर मी या ग्रंथालयात घातलीच नाहीत, ती ज्या त्या ॲपमध्ये कुलुपबंद आहेत आणि तिथंच वाचतो.

तिच्यासाठी वेगळं छोटं ग्रंथालय केलं: फक्त मुक्त पुस्तकं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि ती साठ वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. म्हणजे १९६४मध्ये किंवा त्याआधी वारलेल्या लेखकांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन आता खुलं आहे. फसगत होते ती नव्या आवृत्त्यांत. मूळ ग्रंथ जुना असला तरी त्याला आजच्या संपादकाची प्रस्तावना आणि टीपा असतील, किंवा अनुवादक आपल्या काळातला असेल, तर त्यांचा हक्क वेगळा उभा असतो. अशा पीडीएफ बाजूला काढल्यावर जे उरलं ते पेनड्राइव्हवर घालून दिलं. तिला ईपब हवी होती, तिच्या वाचनयंत्रावर केओरीडर हा वाचनाचा प्रोग्रॅम आहे. घरातल्या वाचनयंत्रावर आम्हीही तेच वापरतो. त्यात सर्व्हरच्या पत्त्यापुढं ‘/ओपीडीएस’ लावून (हेही रोमनमध्ये) दिलं की यादी थेट यंत्रावर येते, ब्राउझरची खटपट नाही.

जपणुकीसाठी सिंकथिंग कामाला आलं, पण एकाच दिशेनं. रात्री सर्व्हर काही वेळ थांबतो, ग्रंथालयाची प्रत शेजारच्या फोल्डरमध्ये होते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो. मग ती थंड प्रत सिंकथिंग डेस्कटॉपकडे पाठवतं. लॅपटॉप नुसता पाठवणारा, डेस्कटॉप नुसता घेणारा. चालू नोंदवहीची थेट नक्कल केली तर ती अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत सापडू शकते, म्हणून हा मधला थांबा. समजा नोंदवही गेलीच, तरी प्रत्येक पुस्तकाशेजारच्या ओपीएफ फाइलींवरून कॅलिबर ती पुन्हा उभी करू शकतं. तिसरी प्रत एका डिस्कवर, नणंदेकडे विट्याला. सांगलीत २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात काय झालं ते आम्ही पाहिलंय. त्यामुळं या घराच्या दोन खोल्यांत ठेवलेल्या दोन प्रतींना मी दोन म्हणत नाही.

सध्या हात घातलाय तो मजकुरातल्या शोधाला. सहाव्या आवृत्तीपासून कॅलिबर पुस्तकांच्या आतला शब्द शोधतं. ईपबमध्ये उत्तम चालतं. मराठी पीडीएफमध्ये दोन जातींची अडचण. एक, स्कॅन: तिथं मजकूर नसतोच, पानांचे फोटो असतात. दोन, युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेली पुस्तकं: डोळ्यांना सुरेख मराठी, पण नक्कल करून चिकटवली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. दोन्हींवर उपाय एकच, पान चित्र म्हणून वाचून घ्यायचं. चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टमध्ये मराठीची सोय आहे आणि ‘ओसीआर-माय-पीडीएफ’ हे साधन ओळखलेला मजकूर पानामागे अदृश्य थरात ठेवतं. स्वच्छ छपाई असेल तर शोधापुरतं पुष्कळ बरं येतं. शंभर वर्षांपूर्वीची शिसटाइपातली पिवळी पानं मात्र त्याला जड जातात, जोडाक्षरं तर हमखास चुकतात.

लॅपटॉप म्हातारा, एक जाड ग्रंथ रात्रभर घेतो. क्रम अण्णांनी लावून दिलाय. वरती गाथा आणि अभंगांची पुस्तकं, कारण एखादी ओळ आठवते आणि अभंग आठवत नाही असं त्यांचं नेहमी होतं. खाली मंडळाची चरित्रं. मुलीनं तिच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मधेच दोन पुस्तकं घुसवली आहेत, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.